उशीवर एकही केस नव्हता

पलंगाची फळी उचलताना सम्मेदची टोपी निसटली आणि प्रभावतीनं मुलाचं डोकं पाहिलं. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा गुळगुळीत होती. टाळूजवळ आणखी एक, रुपयाएवढी. सम्मेदनं टोपी उचलली आणि परत घातली.

"चाई लागली व्हय रं?" त्याच्या वडिलांनी, बापूसोंनी, हातातला पाना तसाच धरून विचारलं.

"सांगतो, अण्णा. आधी फळी धरा."

प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवस सुट्टी आली होती. गडहिंग्लजहून दोघं टेम्पोत पलंग, गादी, शेगडी आणि सम्मेदचं नाव कोरलेली बारा ताटं घालून आले होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली ही जागा त्यानं दिवाळीत भाड्यानं घेतली, पण तिथं घर म्हणावं असं काही नव्हतं. या वेळी त्यानंच फोन केला होता, दोघंही या म्हणून. प्रभावतीला बरं वाटलं होतं. पुढच्या रविवारी इचलकरंजीचे मुलीकडचे पाहुणे घर बघायला येणार होते. त्याला सम्मेदनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

सकाळपासून बापूसोंचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत जात होता. इंजिनिअर पोराला एक बोल्ट धड आवळता येत न्हाय, कारखान्यात मशिनी कोण चालवतंय कुणास ठाऊक, सासऱ्यासमोर तेवढा पाना हातात धरू नको बाबा. टोपी पडल्यावर तो आवाज थांबला.

प्रभावतीनं एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ती निरखत राहिली. सम्मेदच्या पँटीला कमरेत दोन्ही बाजूंनी टिपा घालून घेतल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. स्वयंपाकघरात एक पातेलं आणि एक तांब्या, एवढीच भांडी. काय जेवतोस, विचारल्यावर तो म्हणाला, सकाळी दहाला एकदा जेवतो, नंतर लागत नाही. पलंग कशाला आणलात, असंही म्हणाला. वजन उतरलंय, भूक नाही, केस गेलेत आणि पोरगं लपवतंय. तिच्या धाकट्या जावेचे केस मिरजेत किमो घेताना असेच गेले होते.

एकच गोष्ट बसत नव्हती. जावेच्या उशीवर रोज सकाळी मूठभर केस असत. सम्मेदच्या उशीचा अभ्रा प्रभावतीनं स्वतः बदलला होता. त्यावर एकही केस नव्हता. न जुळणारं निरीक्षण खोडायचं नसतं, हे ती दरवर्षी वर्गात सांगायची. आज तिनं ते खोडलं.

स्वयंपाकघरात बोलावून तिनं हळू आवाजात बापूसोंना सांगितलं. मग गॅलरीत जाऊन त्यांनी मुंबईच्या भाच्याला, पारसला, फोन लावला. कुठलाही मोठा डॉक्टर चालेल, पण नंबर लवकरचा लाव, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. प्रभावती नळापाशी उभी राहिली. एकदा गाळलेलं पाणी तिनं फडक्यातून परत गाळलं. काहीही सोसायची तयारी होती, फक्त हा आपल्याजवळ राहू दे, असं ती मनात म्हणत होती.

हाताला काम हवं म्हणून तिनं नवी ताटं धुवायला काढली. लेबलांचा डिंक निघेना. सिंकखाली एक स्टीलचा डबा दिसला. उघडला तर आत राख होती. शेणीची, वस्त्रगाळ केलेली. कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर पोरानं भांडी घासायला राख कुठून आणली, म्हणून तिला जरा कौतुकही वाटलं. चिमूट भरली तेव्हा बोटांना काहीतरी वेगळं लागलं.

केस होते. तिनं ते खिडकीच्या उजेडात धरले. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका होता. ते मूळ होतं. हे केस गळले नव्हते. उपटले होते.

बोटं राखेत बुडवायची, म्हणजे केस निसटत नाहीत. चिमटीत धरायचे आणि ओढायचे. डोक्यावर एकही न उरेपर्यंत. मांडवात बसून तिनं किती मुनिमहाराजांचा केशलोच पाहिला होता. णमोकार मंत्र म्हणत बायकांबरोबर पदरात ते केस झेलले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच महाराजांना आहार दिला होता. ते दिवसातून एकदा जेवत, उभ्यानं, ओंजळीत. ताट लागत नसे. हे कुणाचं तरी पोरगं आहे, असं तेव्हा एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

ती डबा घेऊन बाहेर आली. सम्मेद तिच्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढून खिडकीत ठेवली.

"दुखतं का रे?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदा दुखलं. जमतंय का बघत होतो." त्यानं आईकडे पाहिलं. "अक्षय तृतीयेला दीक्षा आहे, आई. महाराजांनी होकार दिलाय. तुमची परवानगी तेवढी राहिलीय. त्यासाठीच दोघांना बोलावलं."

बापूसो गॅलरीच्या दारात उभे होते. कानाला लावलेल्या फोनमधून पारस सांगत होता, मंगळवारी सकाळचा नंबर मिळालाय, रिपोर्ट असतील तेवढे घेऊन या. त्यांनी फोन बंद केला. डब्याकडे पाहिलं, मुलाच्या डोक्याकडे पाहिलं आणि अर्धवट जोडलेल्या पलंगाच्या कडेवर बसले.

"दुखणं असतं," ते प्रभावतीला म्हणाले, "तर मुंबईला न्हेला असता की गं."