तिसरी फेरी

"ही वीस वर्षांपूर्वीची जत्रा," असं म्हणत मी कॅसेट लावली. "आणि ही परवाची." मोबाईल शेजारी ठेवला.

सहदेव हसला. "दोन्हीकडे बेंजो मीच वाजवतोय. नवीन सून आल्यासारखं काय न्याहाळतोस?"

मला हसू आलं नाही. आमच्या बेंजो पार्टीत चाल दोन फेऱ्या संथ वाजते. मग माझ्या ढोलकीची उठाण येते आणि सगळे जोरात सुटतात. कॅसेटमध्ये दोनच फेऱ्या होत्या. परवा सहदेवने तिसरी घेतली होती. त्याआधीच्या दोन कार्यक्रमांतही घेतली होती. त्याच्या बापाचं असंच झालं होतं. आधी तो चाली विसरला, मग माणसं.

"सहदेव, तू फेऱ्या विसरायला लागलायस," मी कसाबसा बोललो.

त्याने मोबाईल उचलून माझ्या कानाशी धरला. "बेंजो सोड. ढोलकी ऐक."

दुसरी फेरी संपत आली. माझी उठाण सुरू झाली, मध्येच अडखळली आणि परत साध्या ठेक्यावर आली. त्याच क्षणी बेंजोने तिसरी फेरी धरली, जसं काही आधीच ठरलं होतं.

मी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. तरी बोटं थरथरतच राहिली.

"आणखी कुणाला कळलंय?"

"अजून नाही," सहदेव म्हणाला. "पण रविवारी चौथी घ्यावी लागली, तर नाचणारे थांबून तुझ्याकडे बघतील."