पाटीवरचा अहवाल

लस टोचल्यापासून किरकिरणारी चार महिन्यांची पोर अखेर आईच्या मांडीवर झोपली, तेव्हा अडीच वाजले होते. अहवाल चारच्या आत जायला हवा होता. लॅपटॉप पलीकडे टेबलावर, आणि मांडी तर हलवायची सोय नाही. तिने उशीपाशी पडलेला टॅबलेट ओढला, गुडघ्याला टेकवला आणि एका बोटाने लिहायला सुरुवात केली.

सासरे दारात आले. चौतीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. गल्लीत सगळे अजून त्यांना सरच म्हणत.

"हे काय चाललंय?" ते कुजबुजले.

"अहवाल. विहिरींच्या पाण्याचा. निष्कर्ष तेवढे राहिलेत, दीड पान."

"त्या पाटीवर? अगं, पाटीवर मुळाक्षरं गिरवतात. कामाचं काम होतं का कधी तिच्यावर?"

सरांनी पाच मिनिटं उभं राहून बघितलं. दोन ओळी झाल्या. त्यातली एक चुकून पुसली गेली.

"उद्या देते म्हणून सांग की साहेबांना."

"साहेब कालच म्हणालेत, घरात तान्हं मूल आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का काम. चारपर्यंत गेला नाही तर देतीलच."

सर आत आले. टेबलापाशी बसले, बाह्या दुमडल्या, लॅपटॉप उघडला. "हं. सांग तू."

ती हळू आवाजात सांगू लागली. पण सरांचा हात टाइपरायटरवर तयार झालेला. बोटं कळांवर पडली ती खिळे ठोकल्यासारखी. पहिल्या ओळीला पोरीने डोळे उघडले, दुसरीला टाहो फोडला. तिला पुन्हा झोपवण्यात वीस मिनिटं गेली. मग सरांनी एकेक कळ अगदी जपून दाबून पाहिली. तरी ओळ संपता संपता पोर दचकली. सरांनी लॅपटॉप मिटून टाकला.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "होईल तेवढं करते मी." तिने पुन्हा टॅबलेट ओढला.

सर उठून पलंगाच्या कडेला येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण ती पाटी."

टॅबलेट मांडीवर घेऊन त्यांनी दहाही बोटं काचेवर ठेवली. दोन्ही तर्जन्या जागच्या जागी घुटमळल्या. कळफलकावर तिथे दोन बारीक उंचवटे असतात, बोटांना आपलं घर सापडावं म्हणून. काच सपाट होती. विद्यार्थ्यांच्या हातांवर रुमाल टाकून शिकवणाऱ्या सरांनी मान खाली घातली आणि अक्षर न् अक्षर बघून लिहू लागले. तिने ते पाहिलं, आणि उगाचच पोरीचं झबलं सारखं केलं.

"विहीर क्रमांक सात," तिने सांगितलं.

सर थबकले. "मी विहीर लिहितोय, ही विहार करतेय! मला शुद्धलेखन शिकवते!"

तिला हसू आवरेना. पोट हललं तशी पोर कुशीवर वळली. दोघांनी श्वास रोखले. पोरीने एक उसासा टाकला आणि पुन्हा झोपली.

"विहीर क्रमांक सात. नायट्रेटचं प्रमाण मर्यादेच्या तिप्पट."

सरांनी मान वर केली. "हे पाणी पितात लोक?"

"आजपर्यंत पितायत. अहवाल गेला की विहीर बंद करतील."

"मग थांबलीस कशाला? सांग पुढे."

त्यानंतर सर चिडले नाहीत की थांबले नाहीत. जोडाक्षर आलं की ओठ घट्ट मिटायचे, ते उमटलं की सोडायचे. काचेवर बोटं पडत होती, पण खोलीत आवाज होता तो फक्त तिच्या सांगण्याचा आणि पोरीच्या श्वासाचा. शेवटी तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "झालं. पाठवा."

"थांब. वाचल्याशिवाय कागद हातातून सोडू नये." सर पुन्हा वरपासून वाचत खाली आले, कुठेतरी अडले, बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. ती घड्याळाकडे बघत होती. चारला तीन मिनिटं असताना अहवाल गेला. पाच मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं: 'मिळाला. उद्या सकाळी विहिरीवर माणसं पाठवतो.'

"मग बाबा? होतं का पाटीवर काम?"

"काम होतं," सर बोटं चोळत म्हणाले. "टायपिंग होत नाही."

त्यांनी पोरीला अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतलं. ती उठली. दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या, भिंत धरत टेबलापाशी गेली. चुका राहिल्या असतील म्हणून लॅपटॉपवर अहवाल उघडला आणि वाचत वाचत तळाशी आली. तिथे तिचं नाव होतं. नावाआधी 'डॉ.' होतं.

पदवी हातात येऊन जेमतेम महिना झाला होता. नावाला ती लावायची सवय अजून तिला नव्हती.

"बाबा, हे मी सांगितलं नव्हतं."

"सांगणारा घाईत असतो," सर पोरीवरची नजर न काढता म्हणाले. "सुटलेलं टायपिस्टने भरायचं असतं." मग थोड्या वेळाने, जरा तक्रारीच्या सुरात, "त्यापुढचं टिंब कुठे लपवून ठेवलंय गं त्या पाटीने? दोन मिनिटं गेली माझी शोधण्यात."