चुंबकाची बटणं

मार्केटिंगची ताजी ताजी पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या मुलीला साहेबांनी पहिल्याच दिवशी कपड्यांच्या दुकानात नेऊन उभं केलं. "आपला चुंबकाच्या बटणांचा शर्ट घालून गिऱ्हाईक आरशासमोर किती वेळ रेंगाळतं, तेवढं मोज. शर्ट विकला जातो तो आरशातच."

ट्रायल रूममधून एक काका शर्ट उघडाच ठेवून बाहेर आले. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. रोजच्या सवयीनं काकू बटणं लावायला पुढे झाल्या, तेवढ्यात काकांनी शर्टाच्या दोन्ही कडा जवळ आणल्या. टक, टक, टक. बटणं लागलीसुद्धा! काकूंचे हात तसेच हवेत राहिले.

"अगं, लागली की!" काका म्हणाले आणि त्यांनी सगळी बटणं पुन्हा काढली. "थांब हं. परत एकदा लावतो."

स्टॉपवॉचवर टेकलेलं मुलीचं बोट जागच्या जागी थिजलं.

संध्याकाळी साहेबांनी तिचा कागद पाहिला. "या काकांपुढे शून्य सेकंद? म्हणजे आवडला नाही वाटतं?"

"आवडला ना, सर! पण आरशात बघायला त्यांना सवड कुठे होती? सात वेळा बटणं लावली त्यांनी. आणि काकू सातही वेळा पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघत होत्या."