बिशपचा बळी

अठ्ठ्याहत्तर साली वसईतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची फायनल रंगली होती. पापडी गावच्या फ्रेडरिक मास्तरांनी महिनाभर एकच गँबिट घोटला होता: आधी प्यादं फुकट द्यायचं, मग उंटही द्यायचा, की समोरचा राजा उघड्यावर आलाच म्हणून समजा. पंच होते फादर. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "आपल्या हॉलमध्ये उंट म्हणायचं नाही. इंग्रजीत त्याला बिशप म्हणतात, म्हणजे आपले मोठे धर्मगुरू."

समोरच्या तुळशीदासने प्यादं गपकन मारलं. मास्तर मनातून खूश. त्यांनी बिशप उचलला आणि थेट राजाच्या तोंडावर ठेवणार, इतक्यात फादर खाकरले.

"मास्तर, बिशपला मरायला पाठवता?"

"फादर, त्याच्या बळीवरच तर डाव जिंकतोय मी."

"का, तुमची प्यादी संपली?"

मागच्या बाकावरच्या बायकांनी क्रुसाची खूण केली. मास्तरांनी बिशप परत जागेवर ठेवला. हात लावलेली सोंगटी हलवायलाच हवी, हा नियम खुद्द पंचांनीच माफ केला. मग प्यादी गेली, घोडे गेले, हत्ती गेले, वजीरही गेला. मास्तरांवर मात झाली तेव्हा त्यांच्या राजाशेजारी दोन्ही बिशप तेवढे धडधाकट उभे होते.

बक्षीस देताना फादरांनी मास्तरांच्या श्रद्धेचं तोंड भरून कौतुक केलं. कप काखेत मारून निघालेला तुळशीदास मास्तरांपाशी थांबला.

"मास्तर, आमच्याकडे ह्याला उंटच म्हणतात," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर कामाला लावता येतो."