बादलीतली कुऱ्हाड

"ही धरून बघा," म्हणत केतनभाईने केशरी फायबर दांड्याची नवी कुऱ्हाड तेजलच्या हातात दिली, तशी स्टुलावर बसलेल्या शकुबाईने मांडीवरची कापडी पिशवी आणखी घट्ट धरली. पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली धोंडिरामची कुऱ्हाड होती. नवरा गेल्यापासून विक्रोळीच्या घराबाहेर ती आज पहिल्यांदाच पडली होती. शकुबाई नव्हे, कुऱ्हाड.

तेजल ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायला निघाली होती. खुंट्या ठोकायला, शेकोटीची लाकडं फोडायला एक चांगली कुऱ्हाड हवी होती. वजन किती, धार कशी, दांडा लाकडाचा की फायबरचा, हे मोबाइलवर बघून बघून पोरीने डोक्याचा भुगा करून घेतला होता आणि शेवटी आईला घेऊन घाटकोपरच्या या हार्डवेअरच्या दुकानात आली होती.

"झकास आहे ना, आई? हलकी पण आहे."

"रंग बघ तिचा. भातुकलीतली वाटते." शकुबाईने पिशवी काउंटरवर ठेवली. "घरात असताना विकत कशाला घ्यायची गं? ही बघा हो भाई. हिच्या पप्पांची आहे."

तिला एवढंच हवं होतं. पोरीने बापाची कुऱ्हाड न्यावी, आणि आहे तशी न्यावी. त्या दांड्यावर धोंडिरामच्या मुठीची जागा काळपट, गुळगुळीत झाली होती. त्याचा फोटो भिंतीवर होता, पण फोटोतला हात काही हातात घेता येत नाही.

केतनभाईने खिळ्याने पात्यावर टक् केलं. आवाज खणखणीत आला. "स्टील एक नंबर आहे मावशी. असं हल्ली मिळत नाही."

शकुबाईचा जीव भांड्यात पडला. मग त्याने दांडा हलवून पाहिला, पात्याजवळ नखाने खरवडला, तर ओला काळा भुसा काउंटरच्या काचेवर पडला.

"ही पाण्यात ठेवता काय?"

"ठेवते ना. अधूनमधून रात्रभर बादलीत घालते. हे पण घालायचे. लाकूड फुगतं, पातं घट्ट बसतं."

"ते वापरायच्या आदल्या दिवशी, मावशी. वापर नसताना घालत राहिलात, दांडा आतून सडला. पहिल्याच घावाला पातं उडेल आणि कुणाला तरी लागेल."

शकुबाईने तो ओला भुसा बोटाने टिपून घेतला. चाळीत पाणी तापवायला बंब होता, तेव्हा धोंडिराम शनिवारी रात्री कुऱ्हाड बादलीत घालायचा आणि रविवारी सकाळी खोक्यांच्या फळ्या फोडायला बसायचा. त्या ठकठक आवाजाने अख्ख्या चाळीची झोप मोडायची. काय शिव्या खायचा, आणि काय हसायचा! बंब गेला, गिझर आला, मग धोंडिरामही गेला. बादली तेवढी राहिली. कुंडीला पाणी घालावं तशी ती त्या दांड्याला पाणी घालत राहिली होती, आणि आपल्याच हातांनी त्याची वाट लावून बसली होती. तिला तिथेच रडू यायला लागलं.

तेजलने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे आई. ही आपण घरीच ठेवू. मी नवी घेते."

"घरी ठेवून काय करू? परत पाणी घालू?" शकुबाईने पदराने नाक पुसलं. "काढा हो भाई तो दांडा. नवा बसवा."

केतनभाईने हातोडीचे ठोके दिले. पातं सुटलं, आणि ते घट्ट राहावं म्हणून दांड्याच्या टोकात ठोकलेली पाचर उडून काउंटरवर पडली. दांडा सडला होता, पाचर मात्र टणक होती. तेजलने ती उचलली, ओढणीला पुसली आणि बघतच राहिली. पाचरीवर बारीक आडव्या रेघा होत्या. रेघांखाली आकडे होते, सात आणि आठ.

"आई, ही माझी पट्टी!"

चौथीतली लाकडी फूटपट्टी. ती हरवली म्हणून शकुबाईने पोरीच्या पाठीत धपाटा घातला होता आणि रात्री जेवतानाही तिचा उद्धार चालूच ठेवला होता. धोंडिराम तेव्हा ताटात मान घालून भात कालवत बसला होता. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याने नवी पट्टी आणली, वर लिमलेटच्या गोळ्या. बाप पोरीला लाडावून ठेवतोय, म्हणून शकुबाई त्याच्यावरही डाफरली होती.

"पप्पा चोर निघाले, यार!" तेजलला हसू आवरेना.

"आणि तोंडातून एक शब्द काढला असेल तर शपथ!" शकुबाई म्हणाली. तीही हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धोंडिरामवर असं मनापासून चिडायला तिला किती दिवसांनी मिळालं होतं.

केतनभाईने तेजलच्या हाताशी लावून बेताचा दांडा निवडला, लाकडाच्या रेघा सरळ असलेला. "याला पाणी नाही हां मावशी, तेल पाजायचं," म्हणत त्याने तो पात्यात बसवला. जुना दांडा तेजलने गुपचूप पिशवीत सरकवला. मग केतनभाईने लोखंडी पाचरींच्या डब्यात हात घातला.

शकुबाईने पट्टीचा तो तुकडा त्याच्यापुढे धरला.

"हीच मारा," ती म्हणाली. "आणि जरा दाबून बसवा. एकदा हरवलीय ती."