चार टक्के उजेड

रंजीता प्रदर्शनाच्या वर्गात शिरली तेव्हा तिचा लघुग्रह सोनेरी झाला होता.

शेजारी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची शिंगं रंगवून उरलेली सोनेरी रंगाची डबी होती आणि ब्रश पुसत उभे असलेले तिचे मार्गदर्शक, प्रफुल सर.

"काया गोटा कोनी पायते का?" सर म्हणाले. "भद्रावतीत, खानीच्या गावात, कोयशाले कुत्रं हुंगत नाई. आता पाय, कसा चमकून राह्यला! चंद्रपूरले जायाचं हाय ना तुले?"

जायचं होतंच. तालुक्यातून एकच प्रतिकृती जिल्ह्याला जाणार होती.

लघुग्रहाचं नाव मॅथिल्ड. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून तो सुमारे सव्वाचार वर्षांत सूर्याला एक फेरी घालतो. लांबी सहासष्ट किलोमीटर. किलोमीटरला दोन मिलिमीटर धरून रंजीताने तीन आठवडे कानशीने कोळसा घासला होता. दोन ढेकळं हातातच फुटली, तिसरं टिकलं. चकाकणारे तुकडे तिने आधीच टाकून दिले होते, कारण मॅथिल्ड पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के परत फेकतो. त्याच्यावरच्या खड्ड्यांना जगभरच्या कोळसापट्ट्यांची नावं आहेत, हे तिने सरांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा सरांनी मोबाइलमधून डोकं न काढता "छान" म्हटलं होतं.

परीक्षक मॅडम आल्या. त्यांनी तक्ता वाचला, मग गोट्याकडे पाहिलं.

"इथे चार टक्के लिहिलंय. आणि हा तर देवघरातल्या समईसारखा चमकतोय. खरं कोणतं?"

"प्रतीकात्मक हाय मॅडम," सर पुढे सरसावले. "आपली सुवर्ण परंपरा."

रंजीताने सरांकडे पाहिलं. चिंचेत निघालेल्या अळीकडे पाहावं, तसं. मग तिने गोटा उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला.

तीन आठवड्यांचे दोन तुकडे झाले.

"अवं पोरी, फोडलं काऊन?"

"मले खरं कोनतं ते इचारलं, सर." सोनेरी टवके उडालेला एक तुकडा तिने त्यांच्या हातात दिला. "हे घरी न्या. बैलाले तिसरं शिंग होईल."

दुसरा तुकडा तिने तक्त्यावरच्या 'चार टक्के'पाशी ठेवला, फुटकी बाजू वर करून. मॅडम वाकल्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा त्या काळ्या भागात मागमूसही नव्हता.