भरोशाच्या गोळ्या

शालिकरामची अफू सुटत आली, तशा धंतोलीच्या डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. गोळ्या अफूच्याच, पण कमी ताकदीच्या. वच्छलाबाईने त्या तिखटाच्या डब्यामागे लपवल्या. नवरा जन्मात कधी चुलीकडे फिरकला नव्हता. तरी दुपारी एक गोळी कमी भरली.

"आता कोणाचा भरोसा धरू गा मी?"

"तुयी शप्पथ, हात नाही लावला वं!" शालिकराम रडकुंडीला आला.

हातमागावरून सून हसली. "मामाजीले काहून बोलता, आत्याबाई? मीच घेतली. बाळ विणू देत नव्हतं. माहेरी अफूचं बोट चाटवतात. ही कमी ताकदीची, म्हणून सकाळी अख्खी पाजली.

तवापासून हूं नाही की चूं नाही."